‘जैसे थे!’ : एनसीसी ड्रिल स्पर्धेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तीन वर्षं मी एनसीसीच्या सीनियर विंगमध्ये, म्हणजे कॉलेजच्या मुलींच्या विभागात होते. आता पावसाळा सरला की आमच्या जुन्या कॉलेजच्या मैदानावर जाते आणि नव्या मुलामुलींच्या तुकडीला जमेल तेवढी मदत करते. दरवर्षी मुलं नवी असतात, प्रश्न मात्र तेच. म्हणून एकदाचं लिहून ठेवलं. यात बहुतेक आर्मी विंगच्या बिनहत्यारी ड्रिलबद्दल आहे. तुमच्या पीआय स्टाफनं, म्हणजे सैन्यातून शिकवायला आलेल्या प्रशिक्षकांनी, एखादी गोष्ट वेगळी शिकवली असेल तर त्यांचंच ऐका. मैदानात त्यांच्यापुढे कुणाचं चालत नाही, माझं तर नाहीच.

ड्रिल स्पर्धेत नेमकं काय बघतात?

गुणांचे तक्ते कॅम्पागणिक थोडेफार बदलतात. तरी टर्नआउट (गणवेशाची टापटीप), कमांडरचा वर्ड ऑफ कमांड (हुकूम देणं), उभं राहण्याची ढब, जागेवरचे मोड (वळणं), चाल, हातांचा झोल (पुढेमागे हलणं), रांगांचं ड्रेसिंग (सरळ जुळवणं) आणि सलामी या गोष्टी सगळीकडे असतात. मुलांना वाटतं की जोरात पाय आपटला की गुण मिळतात. पाय जोरात पडायला हवाच, पण तो सगळ्यांचा एकदम पडायला हवा. आमचे एक हवालदार साहेब सराव चालू असताना तुकडीकडे पाठ करून उभे राहायचे. आम्हाला वाटायचं, लक्षच नाहीये. दाहिने मुड झालं की मागं न बघता म्हणायचे, “पिछली लाइन, बाएँ से तीसरा.” आणि ते बरोबर असायचं. तीस बुटांचा ‘धप्’ असा एकच आवाज यायला हवा. तो ‘धप्-प्’ असा आला की एक बूट उशिरा पडला. परीक्षकसुद्धा डोळ्यांइतकेच कान वापरतात.

हुकूम पाठ आहे, अर्थ कळतो, तरी स्पर्धेतच चुकतो. असं का होतं?

बहुतेकदा हुशारीमुळे. हे गमतीनं म्हणत नाहीये.

प्रत्येक हुकमाचे दोन भाग असतात. पहिला भाग सावध करतो, दुसरा कृती करायला लावतो. ‘तेज…’ म्हटलं की चालायचंय हे कळतं, पण पाय उचलायचा तो ‘चल’वर. ‘दाहिने…’ ऐकून दिशा कळते, वळायचं ‘मुड’वर. एकच शब्द असला तरी तो फोडून म्हणतात : ‘साव… धान’, ‘विश… राम’. मधली ती पोकळी म्हणजे ड्रिलची खरी परीक्षा. हुशार मुलाला पहिल्या अर्ध्यातच पुढचं कळतं आणि त्याचं शरीर त्याच्या आधी निघतं. खांदा किंचित वळतो, डावी टाच उचलली जाते, मान हलते. बाहेरून बघणाऱ्याला ते लगेच दिसतं, कारण बाकीचे एकोणतीस जण पुतळ्यासारखे उभे असतात.

उशीर करणारा कॅडेट सरावानं सुधारतो. घाई करणाऱ्याला सुधारायला जास्त वेळ लागतो, कारण आपण चुकतोय हेच त्याला पटत नाही. ‘मी तर बरोबरच वळलो!’ वळलास रे, पण अर्धा सेकंद आधी.

यावर उपाय एकच. सरावात कमांडरनं मधला थांबा मुद्दाम कमीजास्त करायचा. एकदा ‘दाहिने’ म्हणून लगेच ‘मुड’, पुढच्या वेळी ‘दाहिने’ म्हणून तीन सेकंद गप्प. किंवा ‘दाहिने…’ म्हणून ‘मुड’ म्हणायचंच नाही, सरळ ‘जैसे थे’. दोन दिवसांत अंदाज बांधणारे उघडे पडतात. प्रत्यक्ष स्पर्धेत मात्र हा थांबा प्रत्येक हुकमाला सारखाच ठेवायचा, तिथं आपल्याच तुकडीची परीक्षा घेऊ नये.

‘जैसे थे’ म्हणजे शिक्षा का?

नाही. ‘हुकूम रद्द, आधी होतात त्या स्थितीत या’ एवढाच त्याचा अर्थ. कमांडरची स्वतःची चूक झाली तरी तो हेच म्हणतो. फक्त स्पर्धेत ते म्हणायची वेळ आली तर चूक जाहीर झाली, इतकंच.

मराठी शाळेतून आलोय. ‘दाहिने मुड’ला मी डावीकडेच वळतो. मला एकट्यालाच असं होतं का?

अजिबात नाही. पहिल्या आठवड्यात तुकडीतले चारपाच जण हमखास असे वळतात, आणि पीआय स्टाफ उत्तरेकडचे असतील तर त्यांना हे कोडं सुटत नाही. कारण साधं आहे. हिंदीतला ‘दाहिना’ म्हणजे आपला उजवा. पण कानावर ‘दा’ पडला की मराठी डोकं ‘डावा’कडे धावतं. त्यात शाळेत पीटीच्या तासाला कुणी ‘उजवीकडे वळ’ शिकवलेलं असतं, कुणी ‘दहिने मूड’, तर काही ठिकाणी ‘दक्ष’ आणि ‘आरम’. ‘एक साथ, राष्ट्रगीत शुरू कर’ हे मात्र सगळ्यांना येतं.

मनात भाषांतर करत बसू नका. दाहिने म्हणजे उजवं म्हणजे जेवायचा हात, इतका लांबचा प्रवास करायला वेळच नसतो. शब्द थेट शरीराला बांधा. आमच्यातल्या एकीनं पहिला महिनाभर उजव्या मनगटावर पेनानं ‘दा’ लिहिलं होतं. बाही लांब ठेवायची आणि हुकमाआधी मनगटाची आठवण काढायची. पुढे ते लिहायची गरज उरली नाही. बायें मुडला सहसा गोंधळ होत नाही, तो दाहिनेलाच होतो.

‘दाहिने मुड’ आणि ‘दाहिने घूम’ एकच ना?

इथं भल्याभल्या तुकड्या फुटलेल्या पाहिल्यात. एकच नाही.

‘मुड’ला प्रत्येक जण आपापल्या जागी वळतो, सगळे एकाच क्षणी. शेजारी होता तो आता पुढे किंवा मागे येतो, तुकडीचा आकार डोळ्यांसमोर बदलतो. ‘घूम’ला तुकडीचा आकार तसाच राहतो आणि पूर्ण तुकडी दार फिरावं तशी फिरते. बिजागरीच्या बाजूचा कॅडेट जवळजवळ जागच्या जागी पावलं टाकतो, बाहेरच्या टोकाचा पूर्ण लांबीची पावलं टाकत मोठी फेरी घेतो, आणि मधल्यांनी त्या दोघांच्या मधली लांबी धरायची. मधल्यांचंच अवघड असतं. आतला कॅडेट लवकर पुढे सरकला की रांग धनुष्यासारखी वाकते. बाहेरचा धावायला लागला की हातांचा झोल बिघडतो.

चुन्याची एक वक्र रेघ मैदानावर आखा आणि फक्त बाहेरच्या टोकाच्या मुलाला तिच्यावरून चालवा. बाकीच्यांनी मान न वळवता नजरेच्या कोपऱ्यातून त्याच्याशी रांग जुळवायची. एका संध्याकाळी वीसेक वेळा केलं तर दुसऱ्या दिवशी फरक दिसतो. आणि हुकूम नीट ऐका : ‘घू’ आणि ‘मु’ लांबून, वाऱ्यात, सारखेच ऐकू येतात. कमांडरनं ‘घूम’ लांबवून म्हणावं, ‘मुड’ तोडून.

मोजमापं काय आहेत?

सावधानमध्ये टाचा जुळलेल्या आणि पंज्यांमध्ये 30 अंशांचा कोन. विश्रामला डावा पाय 12 इंच डावीकडे जातो, वजन दोन्ही पायांवर सारखं. दाहिने आणि बायें मुड 90 अंश, पीछे मुड 180 अंश आणि तेही उजवीकडूनच, आधा दाहिने मुड 45 अंश. दाहिने मुडला उजवी टाच आणि डावा चवडा यांवर फिरायचं, बायें मुडला नेमकं उलट. तेज चालीत पाऊल 30 इंचांचं, आणि सेनेच्या चालीचा वेग मिनिटाला 120 पावलं. धीरे चालीत 70.

30 इंच म्हणजे किती हे सांगून कळत नाही. मैदानावर चुन्यानं दर 30 इंचांवर पट्टे ओढा आणि त्यावरून चाला. पहिल्यांदा लक्षात येतं की उंच मुलं लांब ढांगा टाकतायत आणि बुटकी मुलं अर्धं धावतायत. वेगासाठी मोबाइलमधलं मेट्रोनोम अ‍ॅप 120 वर लावायचं. आमच्या वेळी हवालदार साहेबांची काठी होती, मेट्रोनोमपेक्षा पक्की.

‘थम’वर दोन पाय वेगवेगळे वाजतात. काय चुकतंय?

‘थम’ म्हणजे थांबा. हा शब्द डावा पाय जमिनीवर पडताना यायला हवा. त्यानंतरचं उजवं पाऊल नेहमीसारखं पुढे जातं, त्याला ‘खाली’ म्हणतात. मग डावा पाय ‘एक’, उजवा त्याला येऊन मिळतो तो ‘दो’. म्हणून सरावात सगळ्या तुकडीनं मोठ्यानं ‘खाली, एक, दो’ म्हणायचं. ‘खाली’ गिळून टाकणारा एक पाऊल आधी थांबतो आणि मागचा त्याच्या टाचेवर येऊन आदळतो.

पण कधीकधी दोष तुकडीचा नसतोच. कमांडरनं ‘थम’ उजव्या पायावर दिला तर निम्मी तुकडी हुकूम पाळते आणि निम्मी सवयीनं त्याची चूक सांभाळून घेते. दोघंही आपापल्या परीनं बरोबर, आणि तुकडीचा बोऱ्या वाजतो. म्हणून कमांडरनं मनातल्या मनात सतत ‘डावा, डावा’ मोजत चालायचं असतं.

चालता चालता माझा पाय बदलला तर?

दोन पावलं तशीच टाका, घाबरू नका. मग डावा पाय पुढे असताना उजव्या पायाचा चवडा डाव्या टाचेपाशी आणा आणि डावाच पाय पुन्हा पुढे टाका. एवढंच. ‘कदम बदल’ हुकमावर सगळी तुकडी जे करते तेच तुम्ही एकट्यानं, गुपचूप करायचं. उडी मारायची नाही. उडी शेवटच्या रांगेतली असली तरी दिसते, कारण बेरेट, म्हणजे डोक्यावरची टोपी, वर जाते.

बँडवर चालताना मागच्या रांगा नेहमी मागे का पडतात?

हा माझा आवडता प्रश्न, कारण यात कुणाचीच चूक नसते.

बँडमधल्या मोठ्या ढोलाचा ठोका डाव्या पायाचा. मिनिटाला 120 पावलं म्हणजे दर पावलाला अर्धा सेकंद. आवाज हवेतून सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. म्हणजे ढोलापासून 34 मीटर मागे असलेल्या कॅडेटला ठोका सेकंदाच्या दहाव्या भागानं उशिरा ऐकू येतो, म्हणजे एका पावलाच्या पाचव्या हिश्शाइतका उशीर. तो मुलगा ठोक्यावर अगदी प्रामाणिकपणे पाय टाकतो आणि बाजूनं बघणाऱ्याला तो चुकलेला दिसतो. मैदानाच्या दोन कोपऱ्यांत लाउडस्पीकर लावलेले असतील तर आणखीच बहार : मधल्या रांगांना दोन दोन ठोके.

म्हणून मागच्यांनी कान पुढच्या ढोलाकडे आणि डोळे पुढच्याच्या मानेकडे ठेवायचे. दोघांत भांडण झालं तर डोळ्यांचं ऐकायचं. पुढच्याचा खांदा ज्या क्षणी खाली येतो तो तुमचा ठोका. सरावात बँड नसेल तर एखादा मुलगा मैदानाच्या टोकाला पत्र्याचा डबा वाजवत उभा करा आणि लांबून चालून बघा. हे एकदा अनुभवलं की नंतर समजवावं लागत नाही.

‘दाहिने देख’ला सगळ्यांनी मान वळवायची ना?

हा मंचासमोरून चालताना सलामी देण्याचा हुकूम. मान वळवायची एक सोडून सगळ्यांनी. उजव्या टोकाचा दर्शक, म्हणजे तुकडीला दिशा दाखवणारा कॅडेट, सरळ समोर बघतो. तोही वळला तर तुकडीला दिशा कोण दाखवणार? मंचासमोर तुकडी हळूच उजवीकडे सरकत जाताना दिसली, की समजावं दर्शकानंही प्रमुख पाहुण्यांचं दर्शन घेतलं. बाकीच्यांनी मान एका झटक्यात वळवायची, हनुवटी किंचित वर, खांदे मात्र समोरच. हात थांबवायचे नाहीत. मान वळली की हाताचा झोल आपोआप आखडतो, ही जवळजवळ प्रत्येक तुकडीची सवय असते. सॅल्यूट करतो तो कमांडर.

दाहिने सजला किती वेळ घ्यायचा?

हा उजव्या टोकाशी रांग सरळ जुळवण्याचा हुकूम. वेळ जितका कमी तितका बरा. उजव्या टोकाचा हलत नाही. पुढच्या रांगेतले उजवा हात उचलून शेजाऱ्याच्या खांद्याशी अंतर जुळवतात, मागच्या रांगा पुढच्याच्या बरोबर मागे उभ्या राहतात. लहान लहान जलद पावलं टाकायची, पाय घासत सरकायचं नाही. एकदा ‘सामने देख’ झालं की संपलं. त्यानंतर अर्धा इंच सरकणं हे वाकडं उभं राहण्यापेक्षा वाईट दिसतं.

मी तुकडीची कमांडर आहे. आवाज तिसऱ्या हुकमालाच बसतो.

घशातून ओरडताय. श्वास पोटात भरा, पहिला भाग लांब आणि स्थिर ठेवा, दुसरा तोडून वर न्या. ‘परे…ड, साव…धान!’मधला ‘धान’ फटाक्यासारखा फुटला पाहिजे. मुलींना उगाच वाटतं की मुलांसारखा जाड आवाज काढावा. तो काढू नका. चढा, टोकदार आवाज मैदानावर उलट जास्त लांब जातो. आमच्या वेळी कॅम्पच्या फायनलला सगळ्यात लांबून ऐकू आलेला हुकूम पाच फूट उंचीच्या मुलीचा होता.

सरावासाठी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला मैत्रिणीला उभं करा, तिला फक्त शेवटचा शब्द ऐकू यायला हवा. बर्फाचं पाणी स्पर्धा होईपर्यंत बंद. आणि तुकडीकडे बघून हुकूम द्या. स्वतःच्या बुटांकडे बघून दिलेला हुकूम बुटांनाच ऐकू जातो.

उभ्या उभ्या चक्कर येते. मी कमकुवत आहे का?

नाही. सावधानमध्ये गुडघे मागे ढकलून कुलूप लावल्यासारखे घट्ट केले की पायातलं रक्त वर चढायला पिंडऱ्यांची मदत मिळत नाही, मेंदूला रक्त कमी पडतं आणि माणूस सरळ पुढे कोसळतो. धडधाकट मुलंही पडतात. गुडघे सरळ पण सैल ठेवा. वजन टाचांवरून थोडं चवड्यांकडे आणा. बुटाच्या आत पायाची बोटं दाबत सोडत राहा, बाहेरून कुणाला दिसत नाही. सकाळी उपाशी येऊ नका : पोहे, केळं, काहीही, पण खा. पाणी स्पर्धेच्या आदल्या दिवसापासून प्या, रांगेत उभं राहायच्या पाच मिनिटं आधी बाटली रिकामी करून उपयोग नसतो.

डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले, कानात शिटी वाजली, तर मागे सांगून खाली बसा. तुकडीचे गुण जातील म्हणून ताठ उभं राहणारा शेवटी हनुवटीवर पडतो, टाके पडतात, आणि गुण तर जातातच.

टर्नआउटला किती महत्त्व?

परीक्षक तुकडीला हुकूम मिळण्याआधी बघतात, एवढं सांगितलं की पुरे. बुटांना पॉलिश कापूस आणि थेंबभर पाण्यानं, छोट्या गोल फेऱ्यांनी, आदल्या रात्री. बक्कल ब्रासोनं घासायचं, पण आजूबाजूच्या कापडाला ब्रासो लागू द्यायचं नाही. युनिफॉर्मला कडक स्टार्च. मुलींनी अंबाडा जाळीत घट्ट बांधायचा. नवे बूट स्पर्धेच्या दिवशी पहिल्यांदा घालणारा महाभाग दरवर्षी एक तरी भेटतो. फोडांचं पुढचं सांगायला नको.

हत्यारासह ड्रिल कधी शिकवतात?

हातपाय एका तालात यायला लागल्यावर. डीपी रायफल म्हणजे फक्त ड्रिलसाठीची, गोळी न झाडणारी रायफल. बाजू शस्त्र, सलामी शस्त्र वगैरे हरकती (हालचाली) गिनतीवर, म्हणजे आकडे मोजत शिकवतात. बिनहत्यारी ड्रिलमध्ये घाई करणारा रायफल हातात आल्यावर दुप्पट घाई करतो, फरक इतकाच की आता त्याची चूक लाकडावर वाजते.

हे सगळं आलं कुठून? मार्च करून आज कोण लढतं?

आज कुणी नाही. पण ठासणीच्या बंदुकांच्या काळात रांगेनं एकदम बार काढणं आणि एकदम पुन्हा भरणं यावरच लढाई चाले. बंदूक भरण्याच्या पायऱ्या सगळ्यांनी एकाच क्रमानं, एकाच वेगानं केल्या नाहीत तर शेजाऱ्याचाच जीव जायचा.

आपल्याकडचा धागा तर भाषेतच आहे. ‘कवायत’ हा शब्द अरबीतून आला, मुळात त्याचा अर्थ नियम. 1761 साली पानिपतावर इब्राहिमखान गारद्याच्या पलटणी होत्या, त्यांना फ्रेंच पद्धतीचं शिक्षण मिळालं होतं. पुढे महादजी शिंद्यांनी 1784 मध्ये द बॉयन या सेनानीला नोकरीत घेऊन कवायती पलटणी उभ्या केल्या आणि 1790 मध्ये राजस्थानातल्या पाटण, मेडत्याच्या लढाया त्या पलटणींच्या जोरावर जिंकल्या. शाळेत पीटीच्या तासाला ‘कवायत करा’ म्हणतात तेव्हा ती हीच कवायत.

एनसीसी मात्र स्वतंत्र भारतातली. हृदयनाथ कुंझरू यांच्या समितीच्या शिफारशींवरून 1948 मध्ये कायदा झाला, मुलींचा विभाग 1949 मध्ये सुरू झाला.

चांगली ड्रिल असेल तर कुठपर्यंत जाता येतं?

युनिटमधून ग्रुप, ग्रुपमधून डायरेक्टोरेट आणि तिथून दिल्लीचं प्रजासत्ताक दिन शिबिर, ज्याला सगळे आरडीसी म्हणतात. महाराष्ट्र डायरेक्टोरेटमध्ये मुंबई ए, मुंबई बी, पुणे, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर, नागपूर आणि अमरावती असे सात ग्रुप आहेत. गोव्यातले कॅडेट कर्नाटक आणि गोवा डायरेक्टोरेटमधून जातात, त्यामुळे सिंधुदुर्गातली आणि पेडण्यातली मैत्रीण दिल्लीत प्रतिस्पर्धी म्हणून भेटू शकतात. एकूण 17 डायरेक्टोरेट तिथं उतरतात. 2025 च्या शिबिरात 2,361 कॅडेट होते, त्यांत 917 मुली. सर्वोत्तम डायरेक्टोरेटला पंतप्रधान ध्वज मिळतो. महाराष्ट्रानं तो अनेकदा आणलाय, त्यामुळे निवडीच्या शिबिरात पीआय स्टाफ जरा जास्तच कडक असतात. समजून घ्या.

पुण्याजवळ राहणाऱ्यांसाठी एक सूचना : खडकवासल्याच्या एनडीएची (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची) पासिंग आउट परेड टीव्हीवर किंवा यूट्यूबवर नक्की बघा. हुकूम तेच, ‘तेज चल’ आणि ‘दाहिने देख’. आवाज बंद करून एकदा बघा आणि मग फक्त आवाज ऐका. 30 मे 2025 रोजी तिथून पहिल्या 17 मुली बाहेर पडल्या, तो व्हिडिओ आमच्या मुलींनी इतक्या वेळा बघितला की त्यातले हुकूम त्यांना क्रमानं पाठ आहेत.

पालक विचारतात : अभ्यास सोडून हे उन्हात उभं राहणं कशाला?

एनसीसीचं ‘सी’ सर्टिफिकेट चांगल्या श्रेणीत असेल तर एनसीसी स्पेशल एंट्रीतून लेखी परीक्षेशिवाय थेट एसएसबीच्या, म्हणजे सैन्यात अधिकारी निवडणाऱ्या मंडळाच्या, मुलाखतीला बोलावणं येऊ शकतं, आणि ड्रिल त्या सर्टिफिकेटच्या प्रात्यक्षिकाचा भाग आहे. आईवडिलांना हे सांगा, त्यांचं समाधान होतं. माझ्या आईचं मात्र वेगळ्याच गोष्टीनं झालं. तिनं हाक मारल्यावर मी तिचं वाक्य पूर्ण होईपर्यंत ऐकून घ्यायला लागले, असं तिनं मावशीला फोनवर सांगितलं.

घरी एकट्यानं काय सराव करता येईल?

आरशासमोर जागेवरचे मोड आणि सॅल्यूट. आर्मीच्या सॅल्यूटमध्ये तळवा समोर, हात लांबच्या वाटेनं वर आणि जवळच्या वाटेनं खाली. हवाई दलाच्या सॅल्यूटमधला तळवा 2006 पासून 45 अंशांत असतो, तेव्हा टीव्हीवर बघून उचलू नका.

दोघं असाल तर ‘शिवाजी म्हणतो’ खेळा, खरंच. ‘शिवाजी म्हणतो’ आलं तरच हलायचं, नाहीतर बाद. कॅम्पमध्ये संध्याकाळी आम्ही हाच खेळ ड्रिलच्या हुकमांवर खेळायचो. पीआय भराभर हुकूम द्यायचे, चुकला तो बाहेर, शेवटी उरेल त्याला एक जास्तीची जिलबी. शेवटपर्यंत टिकणारी मुलं कधीच सगळ्यात चपळ नसायची. पापणी न हलवता वाट बघणारी असायची.

स्पर्धेत चूक झालीच तर दुरुस्त करायची का?

उभे असताना चुकीच्या दिशेला वळलात तर तसेच स्थिर राहा आणि पुढच्या हुकमाला, किंवा कमांडरनं ‘जैसे थे’ म्हटलं तर तेव्हा, जागेवर या. मध्येच गरकन फिरणं म्हणजे एका चुकीच्या दोन चुका. हसू नका, जीभ चावू नका, शेजाऱ्याकडे बघू नका. परीक्षक लांब असतात, त्यांच्या नजरेतून सुटायची थोडी तरी शक्यता असते. चेहऱ्यानं कबुली दिली की तीही जाते. बेरेट पडली तर पडू द्या, तिच्यावर पाय पडला तरी थांबू नका.

‘विसर्जन’ आणि ‘लाइन तोड’ यांत फरक काय?

‘विसर्जन’ म्हणजे परेड संपली. उजवीकडे वळायचं, अधिकारी हजर असतील तर सॅल्यूट करायचा आणि मैदान सोडायचं. ‘लाइन तोड’ म्हणजे तात्पुरती सुट्टी : उजवीकडे वळायचं, सॅल्यूट नाही, रांग मोडायची, पण आसपासच राहायचं, कारण ‘लाइन बन’ कधीही होऊ शकतं.

हे मी इतकं ठासून सांगते त्याला कारण आहे. माझ्या दुसऱ्या वर्षी ग्रुपच्या स्पर्धेत आमची तुकडी छान झाली होती. शेवटी ‘लाइन तोड’ मिळालं आणि आम्ही सगळ्या जणी फाटकाबाहेरच्या वडापावच्या गाडीकडे पळालो. पहिला घास तोंडात, हातात लसणाची चटणी, आणि आतून ‘लाइन बन’. निकालाआधी परीक्षकांना दोन तुकड्या पुन्हा बघायच्या होत्या, त्यांतली एक आमची. आम्ही धावत आत पोचलो, तीनांच्या रांगा लागल्या, सावधान झालं. माझ्या उजव्या मुठीत अर्धा वडा होता आणि सावधानमध्ये मूठ उघडता येत नाही.